माहेरची वाटी

आमचे बाबा, शालिकराम, नागपुरात इतवारीच्या एका बोळात ओतकाम करायचे. भंगारवाल्याकडून फुटक्या तोट्या, स्टोव्हच्या गळक्या टाक्या आणायच्या, मुशीत वितळवायच्या आणि त्या पितळेचे नकली दागिन्यांसाठी मणी, कड्या, हुक करायचे. प्रत्येक तुकडा आधी फरशीवर आपटून ऐकत. आवाज बद्द आला की तुकडा बाजूला. घरी आले तरी अंगाला धुराचा वास असायचा आणि मला तो फार आवडायचा.

एकाहत्तर साली माझं लग्न रामटेकला ठरलं. मंगळसूत्रात एक वाटी सासरची, एक माहेरची. आमच्याकडचं होतं नव्हतं ते सोनं आईच्या आजारपणात गेलेलं. बाबांनी पितळेची वाटी घडवली, वर सोन्याचं पाणी चढवलं आणि मला एकटीला बोलावून म्हणाले, "दोन साल काढ वं शामला. तुले सोन्याची आणून देतो. सासूले कळू देऊ नको."

मुलामा सहा महिन्यांत उतरला. माझा जीव टांगणीला. रोज भांडी घासताना चिंचेचा कोळ गुपचूप वाटीलाही लावायची. सासूबाई, रुखमाबाई, शेजारणींना कौतुकानं सांगत, आमची सून मंगळसूत्रसुद्धा लख्ख ठेवते. मला हसू यायचं आणि घामही फुटायचा.

तिसऱ्या वर्षी बाबा आले, तेव्हा सासूबाई धानाच्या बांधीत गेल्या होत्या. बाबांनी खिशातून सराफाकडची सोन्याची वाटी काढली. गळा मोकळा नको म्हणून मी आधी काळी पोत घातली, मग मंगळसूत्र उतरवलं. त्यांनी बसल्या बसल्या वाटी बदलून दिली. माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. पितळेची वाटी मीच त्यांच्या हातात कोंबली.

"घेऊन जा बाबा. मले नको आता थे."

"मुशीत टाकतो," ते म्हणाले. पितळ त्यांच्या लेखी पितळच होतं. चहा पिऊन ते दुपारच्या एसटीनं गेले.

बाबांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. सोन्याची वाटी माझ्या गळ्यात आहे. ती कुण्या सराफानं घडवली, बाबांनी नुसती आणली. त्यांच्या हातचे हजारो मणी, हुक कुठल्या कुठल्या बायकांच्या गळ्यात गेले. माझ्यासाठी म्हणून त्यांनी एकच वस्तू घडवली होती आणि ती मी हसत हसत परत दिली.