ट्री टाउजंड

"ट्री. ट्री टाउजंड." दिपिका आरशासमोर उभी राहून म्हणत होती आणि आरशात चारुता मॅडम उभी असल्यासारखी डोळे वटारत होती.

"काय गो, सकालपासून त्येच त्येच?" शकू स्वयंपाकघरातून ओरडली. "विमानाचा इंटरव्यू हाय का पाढे मनायचे हायत?"

"आय, तू गप रा. आज एकीची जिरवायची हाय."

शकूला काय कळणार? तिला एवढंच ठाऊक, की आज पोरीला नोकरी लागायची आहे. नोकरी हवीच होती म्हणा. बापानं, जगननं, मरायच्या आधी हायवेलगतची जागा विकून लेकीला वैमानिक केलं. लायसन्स हातात येऊन चार वर्षं झाली, आणि वैमानिक बाई रोडपालीत सातवी-आठवीच्या गणिताच्या शिकवण्या घेत होत्या. येता-जाता कुणीही विचारावं, "काय गो दिपे, विमान कदी काढतेस?" एवढ्या वर्षांत मुलाखतीचं हे पहिलं बोलावणं. हे हातचं गेलं तर पुढचं कधी येईल, देव जाणे!

पण दिपिकाच्या डोक्यात होतं ते वेगळंच. गेल्या वर्षी तिनं खारघरला वैमानिकांच्या मुलाखतीच्या तयारीचा क्लास लावला होता. तिथं चारुता मॅडम शिकवायची. तिनं उभ्या जन्मात विमान चालवलं नव्हतं; बसावं कसं, बोलावं कसं, किती दात दाखवून हसावं, हे शिकवायचा तिचा धंदा. पहिल्याच दिवशी ओळख करून देताना दिपिका म्हणाली, "आय ॲम वेटिंग फॉर ट्री इयर्स."

झालं! घरी सगळे आमी-तुमी म्हणणारे, जिभेला जोडाक्षरातल्या 'ह'चाच भार सोसायचा नाही, तिथं 'थ'ची काय कथा. मॅडमनं तिला पुढे बोलावलं. "ट्री म्हणजे झाड, डिअर. झाडावर उतरवणार का विमान? म्हण, थ्री."

"ट्री."

वर्ग फिदीफिदी हसला. "परत," मॅडम म्हणाली. असं दहा-बारा वेळा, पोरीचं तोंड रडवेलं होईपर्यंत.

आता गंमत बघा. वैमानिकांना रेडिओवर बोलायला शिकवतात तेव्हा तीनला 'ट्री'च म्हणायला सांगतात आणि हजाराला 'टाउजंड'. कितीही खरखर असली तरी समोरच्याला आकडा नीट कळावा म्हणून. वर्गातल्या एकूण एकाला ते पाठ होतं. तिच्याबरोबर रेडिओची परीक्षा दिलेला प्रितेश तर सगळ्यांत मोठ्यानं हसला. आणि दिपिकाला तोंड उघडता आलं नाही, कारण ती काही रेडिओवर बोलत नव्हती. ती घरच्यासारखं बोलली होती. त्या दिवसापासून तिनं क्लास सोडला आणि मॅडमवर डूख धरला.

म्हणून चार दिवसांपूर्वी कंपनीच्या मेलमध्ये मुलाखत घेणाऱ्यांची नावं वाचली तेव्हा ती खुर्चीतून उठलीच. कॅप्टन ओवेस, आणि बोलण्या-वागण्याची पारख करायला चारुता मॅडम! देवा, पावलास रे बाबा!

मुलाखत एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. कॅप्टन ओवेस मूळचे कोकणातले, इंग्रजीत मधूनच मराठी घालणारे. त्यांनी ढगांचं विचारलं, इंजिन बंद पडलं तर काय करशील ते विचारलं. दिपिकानं धडाधड उत्तरं दिली. कॅप्टन खूश दिसले.

"माशाल्ला, अभ्यास चांगला आहे. आता समज, मी कंट्रोल टॉवर. तुला तीन हजार फुटांवर यायला सांगितलंय. काय उत्तर देशील?"

"डिसेंडिंग टू ट्री टाउजंड फीट," दिपिका ठासून म्हणाली आणि मॅडमकडे बघितलं.

मॅडम हसली. तेच हसू, मोजून दात दाखवणारं. "थ्री, डिअर. थ्री थाउजंड."

"रेडिओवर ट्रीच म्हणतात, मॅडम."

"बरोबर आहे तिचं," कॅप्टन म्हणाले. "ट्रीच. चला, पुढचा प्रश्न..."

इथं थांबायचं होतं. पण वर्षभर पोसलेला राग असा थोडाच थांबतो! तिनं पिशवीतून रेडिओच्या परीक्षेचं पुस्तक काढलं, खूण केलेलं पान उघडून मॅडमसमोर ठेवलं.

"वाचा ना, मॅडम. मोठ्यानं."

"सॉरी, मला खरंच माहीत नव्हतं."

"नाही, एकदा म्हणाच. ट्री."

"दिपिका," कॅप्टननी पेन खाली ठेवलं.

"एकच मिनिट, सर. म्हणा, मॅडम."

मॅडमचे कान लाल झाले. तिनं कॅप्टनकडे बघितलं, मग टेबलाकडे. "ट्री," ती हळूच म्हणाली.

"परत."

"ट्री."

अहाहा! काय गार वाटलं म्हणून सांगू! वर्षभराची आग एका क्षणात विझली.

"तुझं एकही उत्तर चुकलं नाही, बेटी," कॅप्टन म्हणाले. "पण विमानात माझ्या शेजारी बसून माझी चूक सुधारणारा माणूस मला पाहिजे. चूक सुधारली, माणूस सॉरी म्हणाला, तरी त्याला धरून बसणारा नको. विमान तोवर खाली येत असतं." त्यांनी कागद बाजूला ठेवला. "सहा महिन्यांनी परत अर्ज कर."

दिपिका दाराशी पोचली तेव्हा मागून मॅडमचा आवाज आला. रागाचा नव्हता, गोंधळलेला होता.

"एक विचारू? आपण आधी कुठं भेटलोय का गं?"

दिपिकानं वळून बघितलं. बाईच्या तोंडावर नाटकाचा लवलेश नव्हता. तिला खरोखरच आठवत नव्हतं.

"नाही," दिपिका म्हणाली आणि बाहेर पडली.

घरी शकू दारातच उभी होती. "काय झाला गो?"

"तिला बोलायला लावला, आय. दोनदा."

"कोनाला? आनि नोकरी?"

दिपिकानं पिशवी खाली टाकली. गळ्यातला टाय सोडायला गेली तर गाठ आणखीच आवळली. शकू पुढे झाली, पदराला हात पुसले आणि ती गाठ सोडवत बसली. तिला टायची गाठ कुठली माहीत असायला? पण सोडवली. मग तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि दिपिका आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.