दारावरचे दुसरे कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे. मित्रांनो, राहीबाईंनी मला तिसगावच्या बाजारात घेतले, तेव्हा मी नुसते चकाकत होते. त्यांचे घर भाड्याचे. दार, कडी, कोयंडा, सगळे घरमालक आबासाहेबांचे. राहीबाईंचे म्हणावे असे त्या दारावर एकटे मीच. त्याचा मला थोडा ताठाही होता.

दसरा झाला की राहीबाई आणि त्यांचे यजमान श्रीमंत (नावापुरतेच हो!) ऊसतोडीला श्रीरामपूरकडे जात. मग पाडव्यापर्यंत घर माझ्या भरवशावर. १९७१ साली त्या निघाल्या, तेव्हा आबासाहेब म्हणाले, "मला आता लेकीकडं ऱ्हायला जायचंय. घर इकायचं झालं तर आदी तुलाच इचारीन."

"इचारा बरं का, आबा," राहीबाई म्हणाल्या.

महिनाभरातच गोरक्षशेठ आले. त्यांना धान्याची पोती ठेवायला जागा हवी होती. त्यांनी मला धरून हिसका दिला. "फोडा की, आबा! ऊसतोडीची मानसं, येतील न येतील."

आबासाहेबांनी मला एकदा हलवून पाहिले. त्या हलवण्याचीच मला धास्ती वाटली. शेठ पुन्हा आले, पुन्हा आले. आत राहीबाईंची चूल होती, उतरंड होती. बाहेर मी, काळवंडत चाललेले.

एका सकाळी आबासाहेबांनी माझ्या शेजारी आपले नवे कुलूप अडकवले. माझा धीरच सुटला. मालकाने कुलूप लावले की भाडेकरूचे घर गेले, एवढे मलाही कळते. तेवढ्यात शेठ आले. "झालं का मोकळं?"

"न्हाई. तुमी तिचं फोडाल म्हनून माजं लावलंय. तिला इचारल्याबिगर ह्ये निघायचं न्हाई."

पाडव्याच्या तोंडावर राहीबाई परतल्या. दोन कुलपे पाहताच त्यांच्या डोक्यावरचे बोचके खाली पडले. मला बोलता आले असते तर! श्रीमंत धावत जाऊन आबासाहेबांना घेऊन आले.

"राहीबाई, घर इकतोय. घेतीस का?"

त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि हमसून रडल्या. "शेळ्या इकीन, आबा, पर मीच घेते."

मित्रांनो, मला तेल घाला अथवा घालू नका. पण दाराला कुलूप दिसले, म्हणजे घरातले माणूस संपले असे समजू नका. ते येईपर्यंत थांबा, आणि आधी त्यालाच विचारा.