हिराचे चाळीस दिवस

मी पोरांना रोज घसा फोडून सांगते, आधी अख्खा प्रश्न वाचा, मग पेन्सिल उचला. आणि मीच, चंद्रावती मास्तरीण, सरकारी फॉर्मचं शेवटचं कलम न वाचता मोकळी झाले. आता कपाळ बडवून काय उपयोग?

पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत आमच्या बेटावर जर्वेज वादळ आलं आणि सूयाकजवळच्या आमच्या गावातलं मराठी मंडळाचं घर आडवं झालं. पत्रा आणि फळ्या, किती तग धरणार! त्या घरात संध्याकाळी मराठीचा वर्ग भरायचा. मंडळाचा अध्यक्ष माझा बा, तुलसीराम. सत्तरी ओलांडलेला, जन्मभर ऊस तोडलेला. मराठी अक्षरं त्याला यायची. साहेबी अक्षरांत मात्र फक्त स्वतःचं नाव, तेही साखर कारखान्यात पगाराला सही लागायची म्हणून घोटलेलं.

सरकारनं घरासाठी अनुदान दिलं, दोन हप्त्यांत. पहिल्यात सिमेंट, दुसऱ्यात छप्पर. भिंतींची मेहनत गावानं फुकट करायची आणि कोण किती दिवस राबलं त्याची सह्यांची यादी पाठवायची, मग दुसरा हप्ता. यात अवघड ते काय, म्हटलं मी.

पण आमच्याकडं मंडळाचं काम कुणी स्वतःच्या नावानं करत नाही. आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं करतं. दगड आपण उचलायचा, पुण्य त्याला. आज्याच्या वेळेपासून असंच. बसंतीमावशीनं वाळू चाळली ती समुद्रात बुडालेल्या भावाच्या, सत्यदेवच्या नावानं. बानं चाळीस दिवस काळे दगड वाहिले, गुडघा भोपळ्याएवढा सुजला तरी वाहिले, माझ्या आईच्या नावानं.

माझी आई हिरा. तिला अक्षर यायचं नाही. वर्गाच्या दारात उभी राहून ऐकायची. आत ये म्हटलं की म्हणायची, "मी बसले तर रोट्या कोण लाटणार?" तशीच गेली, आत न बसता. "आता तिच्याच दगडांवर घर उभं करतो," बा म्हणायचा. "बघू कशी बाहेर राहते ती."

मी मंडळाची कामाची वही नीट उतरवून पाठवली. नाव हिरा, चाळीस दिवस, सही तुलसीराम. अशी एकतीस नावं.

ऑक्टोबरात पोर्ट लुईच्या कचेरीतून बोलावणं आलं. टेबलामागं आपलाच प्रेम, बाच्या हाताखाली क-ख गिरवलेला.

"चंद्रावतीताई, यादीतली एकतीसच्या एकतीस माणसं मेलेली आहेत."

"मग? दगड काय भुतांनी उचलले?"

"साहेब तेच विचारतायत," तो म्हणाला. "मला ठाऊक आहे गं आपली रीत. पण कागदाला ठाऊक नाही. महिनाअखेर जिवंत माणसांची नावं आणा, त्यांच्याच सह्या. नाहीतर हप्ता गेला, आणि खोटा अहवाल दिला म्हणून अध्यक्षावर ठपका. की पू फेर, काय करायचं, ताई? माझ्या हातात काय आहे?"

बावर ठपका! ज्यानं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या शेतातलं उसाचं कांडंसुद्धा चोखलं नाही, त्याच्यावर! परतीच्या बसमध्ये मी रागानं नुसती फणफणत होते.

मग मी दारोदार फिरले. नोव्हेंबर तोंडावर, पुन्हा वादळांचे दिवस, उघड्या भिंती किती टिकणार? पण एकानं सही केली असेल तर शपथ. बसंतीमावशीनं तर पायरीवरूनच परतवलं. "भावाला दिलेलं परत घेऊ? अगं, मेलेल्याच्या हातातून कुणी घास काढून घेतो का?" नंदलाल म्हणाला, वाटलं तर नव्यानं राबतो, पण केलेलं काढून देणार नाही. शेवटी घरी येऊन बापुढं बसले.

"हिराला दिलं ते दिलं," बा म्हणाला. "छप्पर नाही झालं तर नाही झालं. चिंचेखाली वर्ग भरवू."

"बा, तुला लबाड म्हणतील रे!"

"म्हणू देत."

मला नाही बघवलं ते. रविवारी सकाळी बा देवळात गेला आणि मी चुलीजवळ बसून यादी केली. चार पेनं, दोन शाया. सही न येणाऱ्यांचे अंगठे मी माझ्या दहा बोटांनी उमटवले. बाची सही तर मला झोपेतही जमते. नाव तुलसीराम, चाळीस दिवस, सही तुलसीराम. खरी यादी खोटी ठरली होती ना, घ्या मग ही. कागद कचेरीत पडून राहील, वाळवी खाईल, गावाला कोण सांगायला जातंय? असं मी स्वतःलाच समजावलं.

हप्ता आला. छप्पर झालं, पक्कं, सिमेंटचं. मी वर काम पूर्ण झाल्याचा अहवालही लिहून पाठवला, सुंदर अक्षरात.

उद्घाटनाला गाव जमलं. प्रेम आला, बगलेत काचेची चौकट घेऊन. माझी यादी, साहेबी अक्षरांत टाइप केलेली! "शेवटचं कलम आहे ना, ताई," तो हसून म्हणाला. "यादी वर्षभर दारावर लावायची. सरकारचा पैसा, सगळ्यांना दिसायला हवं. चौकट मी पदरची केली." त्यानं खिळा ठोकला.

शिकलेल्या पोरांनी थोरांना वाचून दाखवलं. बसंतीमावशीनं दोनदा विचारलं, "आणि सत्यदेव?" पोरगी म्हणाली, सत्यदेव नाही, तुझंच नाव आहे. मावशीनं माझ्याकडं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती वळली आणि चालू लागली. मग नंदलाल गेला. मग एकेक करून सगळे. कढईतला शिरा तसाच थिजला.

बा चौकटीपुढं उभा होता. "हिरा कुठं आहे? दाखव."

खोटं बोलणार होते मी. देवाशपथ, बोलणारच होते. चाळीसच्या आकड्यापुढं बोट ठेवलं आणि म्हटलं, "ही बघ, बा."

त्यानं काचेवरून बोट फिरवलं, एकेका अक्षरावरून, हळू.

"हे तर माझं नाव," तो म्हणाला. "एवढं मला वाचता येतं, पोरी."

मी काचेवरचं बोट काढून घेतलं.

"म्हणजे तिचे चाळीस दिवस मीच खाल्ले?"

बा प्रेमकडं वळला. हात जोडले त्यानं, ज्याला अक्षरं शिकवली त्या पोरापुढं. "साहेब, एखादी भिंत राहिलीय का कुठं? पायरी? मी पुन्हा दगड आणतो. चाळीस दिवस आहेत अजून माझ्यात."

प्रेमचे डोळे भरले होते. "नाही हो काका," तो म्हणाला. "काम पूर्ण झालं. अहवालात तसं लिहिलंय."

बा उंबऱ्याबाहेर उभा राहिला, दाराच्या ज्या बाजूला आई उभी राहायची तिथंच. मी कितीदा म्हटलं, आत ये. तो आला नाही.