अंगठ्यातलं खळं

कोंबड्यांच्या शेडवर त्याला सगळे डोसवाला म्हणत, कारण रोज सकाळी पाण्याच्या टाकीत मालकांनी दिलेली औषधाची पुडी सोडायचं काम त्याच्याकडे होतं. आठ हजार कोंबड्या त्याच्या हातचं पाणी पीत. आजारी असोत, ठणठणीत असोत, डोस सगळ्यांना सारखा.

मग एका कोंबडीने त्याच्या उजव्या अंगठ्यावर ओरखडा काढला आणि अंगठा बटाट्याएवढा झाला. त्याने डोकं चालवलं. आठ हजार जणींना चालतं, ते एकाला का चालू नये? चार दिवस तो टाकीतलंच पाणी प्यायला.

"अंडी तेवढी घालू नका," म्हणत बायकोने त्याला दंडाला धरून इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला. लागू पडणारं औषध सापडलं नाही, तर अंगठा काढावा लागणार होता.

तिसऱ्या दिवशी लॅबवाल्या बाईंनी दोघांना आत बोलावलं. टेबलावर काचेची चपटी बशी होती. तिच्यात धुरकट साय, सायीवर सात पांढऱ्या टिकल्या.

"साय म्हणजे तुमच्या अंगठ्यातले जंतू, काका. टिकली म्हणजे औषध, दर टिकलीला वेगळं. लागू पडलं की तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे होतात."

तो वाकला. पहिल्या टिकलीला साय खेटून बसली होती. दुसरीलाही. सहावीपर्यंत तेच.

"ही तिसरी तुमच्या टाकीतली."

"म्हणजे अंगठ्यातल्यांनी औषधाला अंगठा दाखवला?" त्याने विचारलं.

"तुम्हीच तयार केलेत. रोजच्या डोसात कच्चे मेले, पक्के उरले. कोंबड्यांतून ते तुमच्यात आले."

"घ्या!" बायको म्हणाली. "सोळा वर्षं यांनी शेडवर जंतूंची शाळा चालवली, आणि घरात कुणाला पत्ता नाही."

तो मात्र हसला नाही. ना हात, ना पाय, ना डोकं, आणि सहा-सहा औषधं पचवून हे बशीत निवांत पसरले होते. त्याला भीती वाटली, आणि आपल्याच हाताबद्दल विचित्र आदरही.

बाईंनी बशी उजेडाकडे तिरकी केली. सातव्या टिकलीभोवती स्वच्छ, गोल, रिकामी जागा होती.

"अहो, खळं पडलंय," बायको कुजबुजली. "चंद्राला पडतं तसं."

बाईंनी खळ्यावर मोजपट्टी लावली. पुन्हा लावली. "पुरेसं आहे. अंगठा वाचला, काका."

तो कितीतरी वेळ त्या खळ्याकडे बघत राहिला. मग त्याने बाईंच्या कानाशी तोंड नेलं.

"बाई, या सातवीचं नाव आमच्या मालकांना कळू देऊ नका."