लाल शालीखालची सही

नाट्यगृहात शिरताच समोरच्या भिंतीवर सूतगिरणीतल्या बायकांचं भलंमोठं चित्र आहे. खाली पितळी पाटीवर मामाचं नाव. मामा गेल्यावर मावशी पहिल्यांदा बोलली, "ते चित्र माझं आहे. उजव्या कोपऱ्यात कोळशाने सही केली होती मी. दादाने तिच्यावर लाल शाल रंगवली."

चाळीस वर्षं गप्प का बसलीस, असं मी विचारलं नाही. मी फोटोग्राफर आहे. कॅमेरा आणि मावशीला घेऊन नाट्यगृहात गेले.

इन्फ्रारेड फिल्मला लाल रंगाच्या पलीकडचं दिसतं, कोळसा मात्र काळाच राहतो. घरी फळीवर कोळशाने रेघ ओढून, वर लाल रंग फासून मी दोन रोल चाचणीत घालवले होते.

व्यवस्थापकाने अर्धा तास दिला आणि नजर ठेवायला नाट्यगृहाचा फोटोग्राफर उभा केला. मी दिवे लावले, मीटरने उजेड मोजला आणि मग भिंगावर काळपट लाल फिल्टर चढवला.

"अहो बाई, फिल्टर मीटरपुढे धरून मोजा," तो म्हणाला. त्यानेच धरून पाहिलं. "हे बघा, पंधरा सेकंद उजेड द्यावा लागेल."

"मीटरला आपल्या डोळ्यांइतकंच दिसतं. हा फिल्टर नेमका तोच उजेड अडवतो, म्हणून मीटरला अंधार वाटतो. फिल्मला नाही वाटत. फिल्टरशिवाय मोजायचं आणि या दिव्यांत आठपट वेळ द्यायचा. एक सेकंद."

"कोणी सांगितलं?"

"माझ्या दोन रोलांनी."

तो हसला. मावशी स्टुलावरून म्हणाली, "तू तुझंच कर गं."

मी अर्धा, एक आणि दोन सेकंदांचे फोटो काढले. त्याच्या समाधानासाठी पंधरा सेकंदांचाही एक काढला. ती निगेटिव्ह उजेड जास्त होऊन काळी ठिक्कर निघाली. एक सेकंदाच्या फोटोत शाल दुधासारखी पांढरी झाली होती आणि तिच्यावर मावशीचं नाव, वेलांटीला तिची नेहमीची गिरकी देऊन. मावशी बराच वेळ प्रिंटवरून बोट फिरवत राहिली. मग तिने पदराने चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाने प्रिंट उलटसुलट करून पाहिली. "पाटीवर खाली 'साहाय्य' म्हणून तुमचं नाव घालू. वाद कशाला?"

"साहाय्य दादाने केलं," मावशी म्हणाली. "रंग घोटून द्यायचा. चांगला घोटायचा. घालायचं तर त्याचं घाला."

"बैठकीत विषय ठेवतो."

"ठेवा. तोवर मी इथेच बसते."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलली. पण रोज प्रयोगाच्या तासभर आधी ती चित्राखाली खुर्ची टाकून बसू लागली, मांडीवर प्रिंट. येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःहून सांगायची. पहारेकऱ्याने तिला हटकलं, तेव्हा तिकीट काढून बसली. आठवड्याने नाट्यगृहाचा फोटोग्राफर आला, प्रिंट नीट पाहिली आणि बैठकीत लागलीच तर साक्ष देईन म्हणाला.

महिन्याभराने पाटी निघाली. नवी अजून लागलेली नाही. बैठका चालू आहेत. व्यवस्थापक काल अजिजीने म्हणाला, "आता तरी घरी बसा, मावशी."

"नाव लागू दे, मग बसते," ती म्हणाली, आणि दारातून आत येणाऱ्या दोन मुलींना हाक मारली, "इकडे या गं, हे चित्र कोणी काढलंय सांगते."