दारातली बादली

"मॅडम, मंग ह्याची नोंद गॅझेटमधी हाय का?" सरपंच रामलिंग यांनी विचारलं आणि शाळेच्या खोलीत पेंगत बसलेले चाळीस लोक एकदम जागे झाले.

डॉ. पुनम हैदराबादेहून आल्या होत्या. करोनात ज्या घरातलं माणूस गेलं, अशा घरांतल्या सत्तावीस जणांची थुंकी त्यांच्या संस्थेनं सहा महिन्यांपूर्वी नळ्यांत भरून नेली होती. आता निकाल आला होता. पाऊण तास त्या फळ्यासमोर उभ्या राहून सांगत होत्या, की फार पूर्वी निअँडरथल नावाची वेगळ्या प्रकारची माणसं पृथ्वीवर होती. आपले पूर्वज आफ्रिकेतून निघाले तेव्हा वाटेत त्यांची गाठ पडली, मुलंबाळं झाली. पुढे ती माणसं संपली, पण त्यांचा शंभरातला एक-दोन हिस्सा आपल्यात राहून गेला.

"कसली नोंद?" त्यांनी विचारलं.

"आपले पूर्वज म्हन्लात ना तुमी त्यायला. जुनी नोंद निघाली तर जातीचा दाखला निघंल. सध्या समदे तेच शोधून राहिलेत."

"अहो, पन्नास-साठ हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा नोंदी नव्हत्या."

"म्हंजे निजामाच्याबी आधीचं," मागून केरबा म्हणाला. केरबाचा थोरला भाऊ करोनात गेला होता, म्हणून तो पहिल्या रांगेचा मानकरी होता. पण पहिल्या रांगेत पंख्याची थंड हवा लागते म्हणून मागे बसला होता. "मंग काय उपयोग, मॅडम?"

उपयोग काय, हा प्रश्न डॉ. पुनम यांना बहुधा दिल्लीतही विचारत असावेत, कारण त्यांनी लगेच पुढचं चित्र लावलं. तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा त्या माणसांकडून आलेला आहे. आपल्याकडे जवळजवळ निम्म्या लोकांत तो सापडतो. ज्यांच्यात तो होता त्यांना करोना जास्त जड गेला, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. आपल्या देशात त्याचा तेवढा परिणाम दिसत नाही, असं दुसरे म्हणतात. वाद चालू आहे.

"चालू द्या," केरबा म्हणाला. चहा आला होता.

भिंतीला टेकून उभी असलेली सिंधु मात्र शेवटपर्यंत ऐकत होती. ती गावच्या उपकेंद्राची आरोग्यसेविका. ही चाळीस माणसं चहाचं आमिष दाखवून तिनंच गोळा केली होती, सत्तावीस नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या तिनंच चिकटवल्या होत्या, आणि आता सत्तावीस बंद पाकिटं सह्या-अंगठे घेऊन तिलाच वाटायची होती. त्यांतली दोन तिच्या घरची होती. एक तिचं, एक आत्याचं. लेक शिल्पा लातूरला फार्मसीला होती. तिनं थुंकायला वेळ नाही म्हणून कळवलं होतं.

सिंधुचा नवरा शेषेराव वीज मंडळात लाईनमन होता. सत्तावीस वर्षं खांबावर चढला, एकदाही पडला नाही. एकवीसच्या एप्रिलात नांदेडच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या-पडल्या गेला. त्याच्या आठ दिवस आधी सिंधु तपासणी नाक्यावर सकाळपासून लोकांच्या नाकात काड्या घालून घरी आली होती. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर अंघोळ करून मग घरात यायचं, हा नियम तिनंच साऱ्या गावाला शिकवला होता. त्या दिवशी तिच्यानं झालं नाही. ती तशीच आत आली आणि शेषेरावानं तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

तेराव्याच्या दिवशी आत्या म्हणाली होती, "त्या दिशी न धुता घरात आलीस."

एवढंच. पुन्हा कधी ते वाक्य उच्चारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सिंधुच्या येण्याच्या वेळेला दाराबाहेर पाण्यानं भरलेली बादली दिसू लागली. करोना गेला, मास्क गेले, सरकारनं सगळे नियम मागे घेतले. बादलीचा नियम मात्र कुणी मागे घेतला नाही. आत्याचं वय आता पंच्याहत्तर. हापश्यावरून एवढी भरलेली बादली ती कशी आणते, हेही सिंधुनं कधी विचारलं नव्हतं. न्हाणीचा पत्रा मागच्या अंगणात, अर्धा वाकलेला. हा पाचवा हिवाळा होता.

सिंधुनं दोन्ही पाकिटं फोडली आणि गाडीकडे निघालेल्या डॉ. पुनम यांना व्हरांड्यात गाठलं.

"मॅडम, हे एवढं सांगून जावा."

डॉ. पुनम यांनी घड्याळ पाहिलं, मग कागद पाहिले. "तुमच्यात तो तुकडा नाही. शून्य. यशोदाबाईंमध्ये दोन्हीकडून आलाय, दोन प्रती. या तुमच्या आत्या ना? फॉर्मवर तुम्हीच लिहिलंय."

"हाव. आन् सासूबी."

"म्हणजे?"

"माझ्या मिस्टरांची आई. मामाची पोरगी केलती त्यांनी. तो मामा म्हंजे माझे वडील."

डॉ. पुनम यांनी कागद उलटा करून त्यावर वंशवृक्ष काढायला घेतला. पहिली फांदी खाली आली, वळली आणि पुन्हा खोडालाच चिकटली. गावातल्या सगळ्या सुना फॉर्मवर सासूला आत्याच लिहून मोकळ्या झाल्या असतील, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा पडला.

"आमच्या नोंदीत तुमच्या मिस्टरांची आई कुठेच नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"आईच्या दोन प्रती असल्या तर पोरात?"

"एक तरी असणारच. तो तुकडा त्यांच्यात नक्की गेला असणार."

"म्हंजे आत्याकडून."

"हो. पण त्यामुळेच गेले, असं नाही म्हणता येत. धोका वाढतो, तोही किती यावर एकमत नाही. वय, साखर, अंगात विषाणू किती गेला..."

"किती गेला म्हंजे, घरात किती आला त्ये."

"तेही धरतात," डॉ. पुनम म्हणाल्या, आणि आपण बोललो ते बरं नाही झालं, असं त्यांना वाटलेलं दिसलं. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"न्हाई," सिंधु म्हणाली. "तुमची सही राहिलीय हजेरीवर."

संध्याकाळपर्यंत तिनं पंचवीस पाकिटं वाटली. केरबानं आपलं न उघडताच पंचांगात घालून ठेवलं. एका घरी त्यावर किराणा लिहून काढला. घरच्या वाटेला लागली तेव्हा तिच्या पिशवीत पाच वर्षं न मिळालेली एक गोष्ट होती. शेषेरावाच्या जाण्यात आपल्याखेरीज दुसरंही काही होतं, याचा शिक्का मारलेला पुरावा. सगळं नाही, निम्मं तरी. साठ हजार वर्षं पिढ्यान्-पिढ्या चालत आलेलं ते ओझं आत्याच्या हातून पुढे गेलं होतं. नुसता कागद आत्यापुढे ठेवायचा. बोलायचंही काम नव्हतं. उद्यापासून बादली बंद.

दारात बादली होती. तिनं मागे जाऊन गार पाण्यानं अंघोळ केली, दात वाजेपर्यंत. साडी बदलून आत आली.

आत्या उंबऱ्याजवळ अंबाडीची भाजी निवडत बसली होती. सिंधु तिला लहानपणी 'तू' म्हणायची, लग्नानंतर 'तुमी' म्हणू लागली. हाक मात्र तीच राहिली होती.

"आलता का कागुद?" आत्यानं मान वर न करता विचारलं.

"आलता."

"केरबाची सून सांगत हुती. आईकडून पोरात जातंय म्हन त्ये." आत्यानं पानं खुडणं थांबवलं नव्हतं, पण आता ती चांगली पानंही देठांच्या ढिगात टाकत होती. "सहा महिने झाले, मला झोप न्हाई. थुकी नेली तवापासून. शेषेराव लहान हुता तवाबी त्येची छाती लई धरायची. माझ्या आईचीबी तशीच धरायची." मग तिनं वर पाहिलं. "माझ्यात हाय का गं?"

सिंधुच्या ओल्या केसांतून पाणी पाठीवर उतरत होतं. पिशवी खुंटीला होती. कागद पिशवीत होता.

"तुझ्यात न्हाई, आत्या."

"बगितलंस नीट?"

"मॅडमला इचारून आले. तुझ्यात कायबी न्हाई."

"म्हनून मी वाचले व्हय? मलाबी झालता की. अद्रकाच्या पान्यावर उठले."

"हाव. म्हनूनच."

डॉ. पुनम यांच्या संस्थेत हे उत्तर टिकलं नसतं. अंबाडीच्या ढिगाऱ्यापुढे ते टिकलं. आत्या मग देठांतली चांगली पानं एकेक करून पुन्हा वेचू लागली.

"मंग कामून गेला गं?"

"त्या दिशी मी न धुता घरात आले म्हनून," सिंधु म्हणाली.

पाच वर्षांत हे वाक्य घरात दुसऱ्यांदा उच्चारलं गेलं. आत्यानं मान हलवली. पदरानं नाक पुसलं. त्या रात्री ती जेवली आणि भिंतीकडे तोंड करून लगेच झोपली; घोरत होती. सिंधुनं भांडी आवरली आणि कागद चुलीत घातला. चांगल्या जाड कागदाचा होता, त्याला पेट घ्यायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं, त्यात वरच्या कार्यालयाला हवा असलेला एक तक्ता तीन वेळा भरावा लागला. घरी यायला अंधारून आलं.

दारात बादली होतीच. सिंधुनं ती उचलली, मागे नेली, पत्र्याआड गेली आणि तांब्या बुडवला. पाणी कोमट होतं.

"लई कढत न्हाई ना?" आतून आत्यानं विचारलं.

"न्हाई," सिंधु म्हणाली, आणि पहिला तांब्या अंगावर घेतला.