केरबाची इर्जिक

ब्रह्मदेशातली लढाई संपवून कृष्णात गावी आला, तेव्हा त्याच्या पिशवीत जपानी गोळ्यांनी भरलेला डबा होता. मेलेल्या जपान्याजवळ सापडलेला. गोळी घेतली की झोप नाही, भूक नाही, दमणं नाही. पलटणीत बरेचजण घ्यायचे. लढाई थांबली, कृष्णातची गोळी थांबली नाही.

त्याच्या बापाला, केरबाला, यात वाईट काही दिसलं नाही. न जेवता राबणारा गडी साऱ्या तालुक्यात कुणाकडे नव्हता. त्याने डबा देव्हाऱ्यात सिद्धनाथाशेजारी ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि रोज आंघोळ करून स्वतःच्या हाताने पोराला गोळी द्यायला लागला. आधी एक, मग कृष्णात मागेल तेवढ्या.

कृष्णातची गालफडं बसली. दात सारखे करकरायचे.

"मामंजी, ह्यांचं काय खरं न्हाई," सून विजयमाला म्हणाली. "भाकरी तशीच माघारी येतीया. पोटच्या पोराला वळखंनात."

"राबणाऱ्या गड्याला कुठली सवड?"

वैशाखात केरबाने नदीकाठच्या रानाची इर्जिक घातली. इर्जिकीला गाव आपापले नांगर घेऊन येतं, दिवसभर फुकट नांगरतं आणि मालकाकडे जेवतं. माणसं आली, तर रान नांगरून झालेलं. उभं नांगरून आडवं, आडवं नांगरून तिरकं. एक बैल बांधावर पाय ताणून पडला होता आणि त्याच्या जागी जुवाखाली कृष्णात होता. नांगर धरायला कुणीच नसल्यामुळे तो मागून लोळत येत होता. उरलेल्या बैलाचा चेहरा शरमिंदा होता.

"आता रं?" भावकीतला गुंडा म्हणाला. "तिकडं मटन शिजतंय."

"काम न करता जेवायचं? आपुन काय सोयरं हाय व्हय?" जोतीराम म्हणाला.

हे सगळ्यांना पटलं. त्यांनी नांगरलेलंच रान पुन्हा नांगरायला घेतलं.

नांगरांची रांग बघून कृष्णातने जू फेकलं. "हात वर! जपानी हायसा, ठावं हाय मला."

सगळ्यांनी हात वर केले. लढाईवरून आलेल्याचा गावात मान होता.

"गड्या, म्या गुंडा. तुजा चुलता."

"जपानी बी असंच म्हनायचं."

तेवढ्यात विजयमाला पोराला काखेत घेऊन न्याहारी घेऊन आली. मागून पाऊल वाजलं म्हणून कृष्णात वळला आणि त्याने आसूड ओढला. तिच्या दंडावर वळ उठला, टोक पोराच्या कानाला लागलं. पोर ओरडलं. कुणी हसलं नाही. हात खाली घ्यायचंही कुणाला सुचलं नाही.

विजयमाला नवऱ्याला सोडून बांधावरच्या केरबाकडे वळली.

"मामंजी, तुमास्नी गडी पायजे का ल्योक? येक काय ते सांगा, न्हाईतर मी निगाले आटपाडीला म्हायेरी."

केरबा घरी गेला. डबा काढला आणि हळदकुंकवासकट कृष्णेत रिकामा केला. पुढे मासे झोपले की नाही, ते कुणाला कळलं नाही.

कृष्णात मात्र झोपला. मेलाबिला की काय म्हणून केरबा त्याच्या नाकाशी बोट धरून बसायचा. मग तो उठला, टोपलीभर भाकरी खाल्ली आणि लहान पोरासारखा रडला. नंतर नदीच्या वाळूत गोळ्या शोधत बसला. सांगलीला जाऊन औषधांची दुकानं पालथी घातली, साताऱ्याला जाऊन पेन्शनीतल्या सुभेदारांना विचारलं. दर वेळी केरबा मागोमाग जायचा आणि त्याला मोटारतळावरून नाही तर कुणाच्या ओट्यावरून माघारी आणायचा. मधले काही दिवस कृष्णात बरा असायचा. तेव्हा तो पोराला घ्यायला हात पुढे करायचा, कानाकडे बघायचा आणि हात मागे घ्यायचा.

विजयमालाने गाठोडं बांधलं होतं. ते तिने सोडलं नव्हतं, उचललंही नव्हतं.

पेरणीचे दिवस आले. जोतीराम पाभर घेऊन निघाला होता, केरबाला दारात बसलेला बघून थांबला.

"आवं तात्या, रानाची वल उडाली, वापसा गेला की! कवा पेरनार?"

"हळू बोल की रं," केरबा म्हणाला. "त्यो निजलाय."